ट्युमर मार्करचा आकडा वाढलाय? घाबरण्याआधी त्या आकड्याचा इतिहास वाचा

रिपोर्ट शुक्रवारी संध्याकाळी मोबाईलवर येतो आणि डॉक्टरांची वेळ मिळते सोमवारची. रक्त गिरगावात दिलेलं असो की दादरला, कागदावर तीच तीन नावं असतात: एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच. त्यातला एक आकडा ठळक छापलेला असतो. वृषणात, म्हणजे अंडकोषात, एक कडक गाठ लागली म्हणून ही तपासणी केलेली असते. घरात आईला काय सांगायचं, बायकोला काय सांगायचं, हे सुचत नाही. मधले दोन दिवस सरता सरत नाहीत.

तुम्ही आज त्या दोन दिवसांत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. हा आकडा आला कुठून, हे कळलं की तो काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हेही कळतं.

सूक्ष्मदर्शकाचा काळ

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांचंही निधन झालं. त्यांच्या ट्रस्टने परळला कॅन्सरचं रुग्णालय उभारलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो.

त्या काळी निदानाचा भरवसा सूक्ष्मदर्शकावर होता. गाठ काढायची, तिचा पातळ काप काचेवर घ्यायचा आणि पेशी बघायच्या. पण गाठ काढल्यावर शरीरात दुसरीकडे काही उरलंय का, हे काचेवर दिसत नाही. रुग्ण घरी जायचा आणि महिनोन् महिने वाट बघायचा. छातीच्या एक्स-रेत डाग दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असायचा.

उंदरांपासून सुरुवात

याचं उत्तर आलं गरोदरपणाच्या टेस्टमधून. बर्लिनमध्ये १९२७ च्या सुमारास आशहाइम आणि त्सोंडेक या डॉक्टरांनी एक पद्धत काढली. बाईची लघवी लहान मादी उंदरांना टोचायची आणि काही दिवसांनी उंदरांची बीजकोशं तपासायची. ती वाढलेली दिसली तर बाई गरोदर. लघवीतला जो हार्मोन हे करत होता, तोच एचसीजी. थोड्याच वर्षांत दिसून आलं, की वृषणाच्या काही गाठी असलेल्या पुरुषांच्या लघवीतही हा हार्मोन सापडतो.

दुसरा मार्कर, एएफपी, हे गर्भातल्या बाळाच्या रक्तातलं प्रथिन. जन्मानंतर ते जवळजवळ नाहीसं होतं. १९६३ मध्ये मॉस्कोत अबेलेव यांना ते यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात सापडलं. पुढे माणसांत, यकृताच्या आणि वृषणाच्या काही गाठींमध्येही ते आढळलं.

अडचण मोजण्याची होती. रक्तात ही द्रव्यं अत्यल्प असतात. अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीनचा उपयोग करून इतकं सूक्ष्म मोजमाप करण्याची पद्धत शोधली. तिला आरआयए म्हणतात. तिच्यासाठी यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं.

किरणोत्सारी पदार्थ वापरायचे तर अणुऊर्जा खातं हवं, आणि तेही परळला आलेलं होतं. १९६२ मध्ये टाटा मेमोरियल त्या खात्याकडे गेलं आणि १९६३ मध्ये त्याच आवारात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. आज बहुतेक लॅबमध्ये किरणोत्साराशिवाय चालणारी यंत्रं आहेत. तुमच्या कागदावरचा आकडा त्यांतूनच आला.

१९७४: वाट पाहण्याचा अर्थ बदलला

आकडा मोजता आला, पण औषध नसेल तर त्याचा उपयोग काय? पसरलेल्या वृषणाच्या कॅन्सरमधून तेव्हा दहांत जेमतेम एखादा वाचायचा.

१९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जिवाणूंचं विभाजन अचानक थांबलं. शोध घेतल्यावर कळलं, की हे काम विजेचं नसून तिच्या तारांतून सुटलेल्या प्लॅटिनमचं आहे. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध मिळालं. १९७४ मध्ये इंडियानात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते दोन जुन्या औषधांच्या जोडीने एका तरुण विद्यार्थ्याला दिलं. त्याचा कॅन्सर फुप्फुसांत पसरलेला होता. गाठी विरल्या आणि तो पुढे जवळपास अर्धं शतक जगला.

आज लवकर सापडलेल्या रुग्णांत शंभरातले पंच्याण्णवहून अधिक बरे होतात. पसरलेल्या आजारातही बहुतेक जण बरे होतात.

मग तुमच्या आकड्याचा अर्थ काय?

यकृताच्या आजारातही एएफपी वाढतं. काही कुटुंबांत ते जन्मतःच थोडं जास्त असतं. पुरुषी हार्मोन कमी असलेल्यांत बीटा-एचसीजी किंचित वाढलेलं दिसू शकतं. एलडीएच तर रक्त घेताना नळीत पेशी फुटल्या तरी वाढतं. म्हणून थोडा वाढलेला आकडा पुन्हा तपासावा लागतो.

उलट बाजूही सांगायला हवी. तिन्ही आकडे नॉर्मल असूनही कॅन्सर असू शकतो. त्यामुळे गाठ लागत असेल तर रिपोर्ट चांगला आला म्हणून घरी बसू नका. आणि गाठीसोबत आकडा बराच वाढलेला असेल, तर कॅन्सरची शक्यता खरोखरच मोठी असते. ते लपवण्यात अर्थ नाही.

मार्करचा सर्वांत मोठा उपयोग पुढे होतो. ऑपरेशननंतर बीटा-एचसीजी साधारण दीड दिवसात निम्मं व्हायला हवं आणि एएफपी पाच ते सात दिवसांत. तसं झालं तर चांगली खूण, नाही झालं तर कुठेतरी काही उरलंय. एक्स-रेत डाग दिसण्याची वाट आता बघावी लागत नाही. म्हणून आजचा कागद फाडू नका, फाईलमध्ये ठेवा.

या दोन दिवसांत काय करावं?

• वृषणाची सोनोग्राफी झाली नसेल तर करून घ्या. दुखत नाही आणि फार वेळ लागत नाही.
• त्या गाठीत सुई घालून तुकडा घेऊ देऊ नका. संशय असेल तर जांघेतून छेद घेऊन पूर्ण वृषण काढतात. नेमकं निदान आजही त्यानंतर, खानोलकरांच्या काळासारखं सूक्ष्मदर्शकाखालीच होतं.
• मूल हवं असेल तर ऑपरेशनआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल विचारा. दुसरं वृषण निरोगी असेल तर संसार आणि मूल दोन्ही बहुधा शक्य असतात.
• लहानपणी वृषण खाली उतरलेलं नव्हतं का, हे आईला विचारा. डॉक्टर ते नक्की विचारतील.
• मसाज, लेप, काढे यांत आठवडे घालवू नका.

आणि घरात एकाला तरी सांगा. हा आजार मुख्यतः पंधरा ते चाळीस वयातला, आणि तरुण मुलं लाजेपोटी तो महिनोन् महिने लपवतात. दोन दिवसांच्या थांबण्याने काही बिघडत नाही, लपवण्याने बिघडतं. सोमवारी डॉक्टरांकडे जाताना त्या माणसाला सोबत न्या.