जुन्या यंत्राचा सौदा : मुद्रणाच्या इतिहासातील काही धडे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझे एक मुद्रक स्नेही घरी आले. दोन ऑफसेट यंत्रे, चार कामगार आणि पावतीपुस्तके, लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, अधूनमधून एखादे पुस्तक एवढा त्यांचा व्याप. बाहेरून फिल्म काढून आणायची, ती काचेच्या टेबलावर जुळवायची, तीव्र दिव्याखाली तिचा छाप ॲल्युमिनियमच्या प्लेटवर उतरवायचा आणि प्लेट धुऊन यंत्रावर चढवायची, ही त्यांच्याकडची वर्षानुवर्षांची रीत. परंतु आता फिल्म मिळणेच दुरापास्त झाले होते. अशा वेळी एका दलालाने त्यांना जुने 'सीटीपी' यंत्र देऊ केले. 'सीटीपी' म्हणजे 'कॉम्प्युटर टू प्लेट'. मधली फिल्म वगळून संगणकातील पान लेझर किरणांनी थेट प्लेटवर उतरवणारे यंत्र. नव्याच्या मानाने किंमत फारच थोडी होती. कर्जाचे कागद तयार होते.

"तुम्ही इतिहासाचे मास्तर. यंत्रातले तुम्हाला काय सांगायचे? पण कोणाशी तरी बोलल्याशिवाय सही करवत नाही," ते म्हणाले.

यंत्रातले मला कळत नाही, हे खरेच. परंतु दुसरीकडून आलेले यंत्र आपल्या कामाला लावण्याचा प्रश्न या देशात मुद्रणकलेइतकाच जुना आहे. त्या रात्री आमचे जे बोलणे झाले, त्याचाच विस्तार प्रस्तुत लेखात केला आहे.

भारतातील पहिले मुद्रणयंत्र ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात उतरले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. ते गोव्यासाठी आलेच नव्हते, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. ॲबिसिनियाला निघालेल्या येशूसंघीयांच्या तुकडीबरोबर ते लिस्बनहून निघाले होते. तिकडच्या राजाची मर्जी अनुकूल नसल्यामुळे त्या तुकडीचे प्रमुख गोव्यातच थांबले आणि त्यांच्याबरोबर यंत्रही थांबले. सेंट पॉल महाविद्यालयात ते उभे करण्यात आले. हुआन दे बुस्तामांते हा मुद्रक सोबत होताच. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात छपाई सुरू झाली आणि १५५७ साली संत फ्रान्सिस झेवियर यांची धर्मशिक्षणाची पुस्तिका छापून निघाली. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय वनौषधींवरील प्रसिद्ध ग्रंथही गोव्यातच छापला गेला.

यंत्र आले, मुद्रक आला, कामही उत्तम झाले. परंतु जी अक्षरे यंत्राबरोबर आली होती, ती रोमन होती. या भूमीची लिपी त्या यंत्राला येत नव्हती. तमिळचे भाग्य थोडे निराळे होते. गोव्यात आणि कोल्लमला तमिळ खिळे ओतले गेले आणि २० ऑक्टोबर १५७८ रोजी 'तंबिरान वणक्कम' ही तमिळ पुस्तिका कोल्लम येथे छापून पूर्ण झाली. मराठीच्या वाट्याला हे आले नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांना ही खंत सलत होती. ५ डिसेंबर १६०८ च्या पत्रात त्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांना कळवले, की येथील भाषेत आणि येथील लिपीत पुस्तके छापली जावीत ही आपली अनेक वर्षांची इच्छा आहे; परंतु युरोपात जेथे चोवीस साच्यांवर भागते, तेथे या लिपीला सुमारे सहाशे लागतात आणि ते अशक्यप्राय वाटत आले आहे.

परिणाम आपणा सर्वांना माहीत आहे. मराठीच्या थोरवीचे गुणगान करणारे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्याही रोमनच. हा ग्रंथ देवनागरीत छापून मराठी वाचकांच्या हाती पडला तो शांताराम बंडेलू यांच्या संपादनामुळे, १९५६ साली; म्हणजे गोव्यात यंत्र उतरल्यानंतर चारशे वर्षांनी. यंत्र नव्हते म्हणून हा विलंब झाला असे म्हणता येत नाही. यंत्र होते, त्याला लागणारे खिळे नव्हते.

हाच अनुभव शतकभरानंतर मुंबई-सुरतेकडे पुन्हा आला. भीमजी पारेख या धनाढ्य व्यापाऱ्याला ब्राह्मणांचे प्राचीन ग्रंथ छापावेत अशी हौस होती. १६७० साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र, खिळे आणि कागद घेऊन आला. तो आपल्या धंद्यात वाकबगार होता. पण छापणे आणि अक्षर कोरणे या दोन निराळ्या विद्या आहेत. देशी अक्षरांचे साचे त्याला करता येईनात. भीमजींच्या माणसांनी स्वतःच खटपट करून काही कागद छापून दाखवले आणि ते चांगले दिसत होते, असे कंपनीच्या पत्रव्यवहारात म्हटले आहे. पुढे अक्षरे ओतणाराही मागवण्यात आला. तरी त्या साऱ्या खर्चातून आणि उत्साहातून एकही ग्रंथ आपल्या हाती आलेला नाही. त्यांनी यंत्र आणले, पण त्या यंत्राचा परिवार आणला नाही.

'परिवार' हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. यंत्र एकटे कधीच येत नाही. त्याची अक्षरे, त्याचा कागद आणि त्याचा माणूस हे त्याचे सगेसोयरे होत. यांतील एक जरी दुरावला, तरी यंत्र म्हणजे जागा अडवणारे लोखंड ठरते.

कागदाचे आणि माणसाचे महत्त्व कळायचे असेल तर तरंगंबाडीच्या लूथरपंथी मिशनकडे पाहावे. झीगेनबाल्ग यांच्या कार्यासाठी इंग्लंडहून मुद्रणयंत्र पाठवण्यात आले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्यावर फ्रेंचांनी जहाज पकडले. ते सुटले, तर सोबतचा मुद्रक योनास फिंक प्रवासातच मरण पावला. १७१२ साली यंत्र पोहोचले खरे, पण ते चालवणारा हरपला होता. अखेर तेथील डॅनिश कंपनीच्या सैनिकांत छपाईची माहिती असलेला एक शिपाई सापडला आणि काम सुरू झाले. पुढे जर्मनीतील हाले येथून तमिळ खिळे आले, ते आकाराने मोठे. मोठे अक्षर कागद खाते आणि कागद तर दूर युरोपातून यायचा. तेव्हा तेथेच लहान खिळे ओतण्यात आले आणि पोरैयार येथे कागदाची गिरणीही घालण्यात आली. यंत्राची किंमत एकदा मोजली गेली; त्याच्या भुकेची किंमत रोज मोजावी लागली.

तिसरे उदाहरण श्रीरामपूरचे. १७९८ साली कलकत्त्यात एक लाकडी मुद्रणयंत्र विकायला निघाले होते. विल्यम कॅरी यांच्यासाठी ते जॉर्ज उडनी या सद्‌गृहस्थाने विकत घेऊन दिले. मदनाबाटी येथे ते उभे राहिले, तेव्हा त्याची थोरवी ऐकून जमलेले ग्रामस्थ म्हणाले, की ही साहेबांची देवमूर्तीच आहे. १८०० साली यंत्र श्रीरामपूरला आले आणि त्याला परिवार लाभला. विल्यम वॉर्ड हे पेशाने मुद्रक, तर पंचानन कर्मकार हे अक्षरे कोरण्यात निष्णात. याच छापखान्यातून १८०५ साली कॅरींचे मराठी व्याकरण बाहेर पडले आणि त्यात देवनागरी खिळे वापरलेले होते. जे गोव्यातील देखण्या यंत्राला साधले नाही, ते बाजारात विकायला आलेल्या या लाकडी यंत्रापासून वाढलेल्या छापखान्याला साधले.

११ मार्च १८१२ च्या रात्री या छापखान्याला आग लागली. कागदाचे गठ्ठे, हस्तलिखिते, अनेक लिप्यांचे ओतीव खिळे यांची राखरांगोळी झाली. शेजारच्या दालनातील छपाईयंत्रे बचावली. पण खरा दिलासा मिळाला तो ढिगारा उपसताना. कारण पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले. वितळलेल्या धातूतूनच नवे खिळे ओतले गेले आणि काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. ठसे गेले असते, तर यंत्रे वाचूनही वर्षानुवर्षे ती मुकी राहिली असती.

आपल्या मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी तर याहून पुढची मजल मारली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील शिळाछाप पाहून त्यांनी स्वतः लाकडी यंत्र घडवले, दगड जमवले, शाईचे प्रयोग केले आणि १८३१ साली पंचांग छापले. परक्याचे यंत्र जसेच्या तसे आणण्याऐवजी त्यांनी त्याचा परिवारच येथे निर्माण केला.

या शिळाछापाचा माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. जर्मनीतील झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास शोधलेल्या या पद्धतीचे तत्त्व असे, की तेलकट शाई आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. दगडाच्या जागी पुढे धातूचा पत्रा आला, १९०४ च्या सुमारास अमेरिकेत आयरा रूबेल यांनी रबराच्या पडद्यावरून कागदावर छाप उतरवण्याची युक्ती रूढ केली आणि ऑफसेट जन्माला आले. १९९५ साली जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथे भरलेल्या 'द्रुपा' प्रदर्शनात संगणकावरून प्लेट काढणारी यंत्रे मोठ्या संख्येने मांडली गेली आणि फिल्मचे दिवस भरत आल्याचे मुद्रकांना उमगले.

मात्र या यंत्रांचे एक कुळ नव्हे. काहींचा लेझर निळा वा हिरवा. हिरव्याची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर. काहींचा जांभळा, सुमारे ४०५ नॅनोमीटरचा. काही यंत्रे ८३० नॅनोमीटरच्या अवरक्त किरणांनी, म्हणजे उष्णतेने, प्लेट कोरतात; त्यांना 'थर्मल' म्हणतात. प्रत्येक प्रकाशाची प्लेट वेगळी. एकाची प्लेट दुसऱ्याला चालत नाही. निळ्या-हिरव्या प्रकाशाची यंत्रे मागे पडली, तशा त्यांच्या प्लेटाही बाजारातून गेल्या. म्हणजे स्टीफन्स यांच्या सहाशे साच्यांचा प्रश्न येथे नव्या वेशात उभा राहतो. पूर्वी यंत्र होते आणि खिळे नव्हते; आज यंत्र स्वस्तात मिळते, पण त्याची प्लेट मिळत नाही. किंबहुना प्लेट मिळत नाही, म्हणूनच यंत्र स्वस्तात मिळते.

यंत्रावरच्या नावाचेही तसेच. क्रिओ या कॅनेडियन कंपनीची सीटीपी यंत्रे जगभर गेली. २००५ साली ती कंपनी कोडॅकमध्ये विलीन झाली आणि २०१२ साली खुद्द कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. ॲग्फाचा ऑफसेट विभाग २०२३ मध्ये विकला जाऊन 'इको३' झाला. वीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचा सुटा भाग मागायचा, तर दार कोणाचे ठोठवायचे, हे आधी विचारून ठेवावे लागते. त्यात यंत्राला आज्ञा देणारा संगणकही त्याच वयाचा असतो. त्याच्या प्रणालीची परवाना-किल्ली हरवली, तर धडधाकट यंत्रही स्वस्थ बसते.

हे सारे ऐकून माझ्या स्नेह्यांनी दुसऱ्या दिवशी दलालाला एकच प्रश्न विचारला : प्रकाश कोणता? उत्तर आले, "हिरवा, पण प्लेटा कुठेही मिळतात." त्यांनी प्लेट-विक्रेत्यांकडे चौकशी केली. कोणीही द्यायला तयार नव्हते. तो सौदा तेथेच संपला.

परंतु खरा प्रश्न उरलाच होता. त्यांच्याकडे वीस वर्षे फिल्म जुळवून प्लेट काढणारे एक कामगार आहेत. सारे त्यांना काका म्हणतात. फिल्म गेली की काकांचे काय, ही बोच स्नेह्यांना यंत्राच्या किमतीपेक्षा अधिक होती. त्यांनी काकांनाच बरोबर घेतले आणि यंत्रे पाहायला निघाले. जे यंत्र चालू स्थितीत पाहता येईल, तेच पाहायचे. सुटे करून ताडपत्रीखाली ठेवलेले पाहायचेच नाही, असा नियम केला. दुसऱ्या ठिकाणी यंत्र थर्मल होते, प्लेटाही मिळणाऱ्या होत्या. काकांनी अर्ध्या छटेचा सपाट रंग असलेली प्लेट काढून मागितली आणि भिंग लावून ती उजेडाकडे तिरकी धरली. आडवे पुसट पट्टे दिसत होते. लेझरचे डोके थकले होते. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासने पुष्कळ होती. पट्टे मात्र तसेच राहिले.

तिसऱ्या ठिकाणी सौदा झाला. किंमत पहिल्यापेक्षा बरीच जास्त होती आणि कर्जही वाढले. परंतु चारही रंगांच्या प्लेटा काकांच्या देखत निघाल्या आणि एकमेकींवर बिनचूक बसल्या. परवाना-किल्ली, प्रणालीच्या तबकड्या आणि जुन्या मालकाने जपलेले सुटे भाग असा सगळा परिवार यंत्राबरोबर आला. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाशी काकांची ओळखही त्याच दिवशी करून देण्यात आली.

आज तेच काका त्या यंत्रावर बसतात. संगणकाची कळ दाबायला त्यांना महिनाभर शिकावे लागले. प्लेट वाचायला शिकावे लागले नाही. गोव्याच्या यंत्राला जे खिळे मिळाले नाहीत, भीमजींच्या मुद्रकाला जी विद्या आली नाही, तरंगंबाडीच्या जहाजावर जो माणूस दगावला, त्या साऱ्यांची आठवण मला त्यांच्याकडे पाहून होते. जुने यंत्र घेणाऱ्याने किंमत शेवटी विचारावी. त्याची अक्षरे कोठून येतील, त्याला रोज काय लागेल आणि त्याच्याजवळ कोण बसेल, हे आधी विचारावे.