मांजरपाटाचं विमान आणि लेकीचा ड्रोन

दिवाळीच्या आधी आठवडाभर आपल्या घरी आकाशकंदिलाचा कारखाना चालायचा, आठवतं? बांबूच्या काड्या, दोरा, खळ आणि पतंगी कागद. काडी जाड राहिली की कंदील जड व्हायचा, फार तासली की पहिल्याच वाऱ्यात मोडायचा. नेमकी किती तासायची, हे दोन-तीन कंदील वाया गेल्यावरच कळायचं.

यंदा आमच्या जेवणाच्या टेबलावर तसाच पसारा आहे, पण सामान वेगळं. सतरा वर्षांच्या लेकीला स्वतःच्या हाताने एफपीव्ही ड्रोन जोडायचा आहे. म्हणजे असा ड्रोन, ज्याच्या कॅमेऱ्यातलं चित्र आपल्या डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये दिसतं आणि आपण जणू त्यात बसूनच तो उडवतो. "तयार का नाही घेत?" हा माझा पहिला प्रश्न होता. तुमच्याही घरी तो विचारला गेला असेल. त्याचं उत्तर मला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या, याच बेटावरच्या एका मुलीच्या गोष्टीत सापडलं.

तिचं नाव लिलियन ब्लँड. जन्म १८७८चा, इंग्लंडातल्या केंटमधला. वडिलांबरोबर ती बेलफास्टजवळच्या कार्नमनीला, विधवा आत्याच्या घरी राहायला आली. पत्रकारिता आणि फोटोग्राफी हे तिचे उद्योग. १९०९च्या जुलैमध्ये ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. त्याच सुमारास पॅरिसहून काकांनी तिला ब्लेरिओच्या विमानाचं चित्र असलेलं पोस्टकार्ड पाठवलं. त्यावर विमानाची मापंही छापलेली होती. लिलियनने ठरवलं, आपणही विमान बांधायचं.

पण तिने लगेच इंजिन मागवलं नाही. आधी ब्लॅकपूलच्या विमानमेळ्याला जाऊन तिथली विमानं जवळून पाहिली, मापं टिपून घेतली. मग सहा फुटी पंखांचं छोटं नमुना-विमान करून पतंगासारखं उडवलं. ते उडाल्यावरच मोठ्याला हात घातला. लाकूड स्प्रूस, ॲश आणि एल्मचं, सोबत बांबू. पंखांवर साधा मांजरपाट, तो भिजू नये म्हणून घरीच शिजवलेला जिलेटिन आणि फॉर्मलिनचा लेप. सुकाणूला सायकलचं हँडल. नाव ठेवलं 'मेफ्लाय', म्हणजे उडेल किंवा उडणारही नाही.

आता प्रश्न होता, हा सांगाडा इंजिनाचं वजन पेलेल का? तिने कार्नमनीच्या टेकडीवर पाच गड्यांना ग्लायडरला लोंबकळायला लावलं. चार पोलिस आणि बागेत काम करणारा जो ब्लेन. वारा आला आणि ग्लायडर सगळ्यांना घेऊन वर उठलं. पोलिसांनी घाबरून हात सोडले, जोने मात्र धरून ठेवलं. पाच माणसं उचलली जातात, तर इंजिनही उचललं जाईल, हा हिशेब पक्का झाला. मगच तिने मँचेस्टरच्या ए. व्ही. रो यांच्याकडे वीस अश्वशक्तीचं इंजिन सांगितलं आणि १९१०च्या जुलैमध्ये ते स्वतः आगबोटीने घेऊन आली. पेट्रोलची टाकी तयार नव्हती, तर व्हिस्कीची रिकामी बाटली आणि कमी ऐकू येणाऱ्या आत्याचा कानाचा कर्णा जोडून इंजिनाला पेट्रोल पाजलं! इंजिन सुरू झालं, पण थरथर एवढी की नट गळून पडायचे, तारा तुटायच्या.

वाचकहो, ड्रोन जोडणाऱ्याचा क्रमही हाच आहे. लेकीने मला समजावला, तो असा. आधी कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये उडवायला शिकायचं. तिथे आपटलं तर काही मोडत नाही. मग आधी फ्रेम ठरवायची, कारण फ्रेमवरून पंखे ठरतात, पंख्यांवरून मोटर आणि मोटरवरून बॅटरी. पाच इंची पंख्यांचा ड्रोन ताकदवान, त्याचे सुटे भाग सहज मिळतात; पण त्याला मोकळं रान हवं. आयर्लंडच्या पावसात घरातच उडवायचा असेल तर तळहाताएवढा, पंख्यांभोवती कडं असलेला बरा. फ्रेम अशी घ्यावी की मोडलेला एकच हात बदलता येईल. जादा पंखे पहिल्याच खरेदीत घ्यावेत. आणि लिलियनचे नट आठवा: मोटरच्या स्क्रूला स्क्रू पक्का धरणाऱ्या द्रवाचा थेंब लावायचा, टेबलावर चाचणी करताना पंखे काढून ठेवायचे. लिथियम बॅटरी चार्ज होत असताना घर सोडून जायचं नाही. कॅमेऱ्याच्या ड्रोनसाठी आयरिश एव्हिएशन ऑथॉरिटीकडे नोंदणी लागते, आणि गॉगल लावून उडवताना शेजारी आकाशाकडे बघणारा दुसरा माणूस लागतो. ते काम बहुधा आईबाबांकडेच येतं.

लिलियनला मोकळं रान लॉर्ड ओनीलने दिलं, रँडल्सटाऊनचं आठशे एकरांचं कुरण. तिथे एक बैलही होता. नीट हवामानासाठी पाच आठवडे वाट पाहावी लागली. अखेर १९१०च्या ऑगस्टअखेर मेफ्लायने जमीन सोडली. लिलियनला स्वतःलाच खरं वाटेना. उतरल्यावर ती मागे धावत गेली आणि गवतावरच्या चाकांच्या खुणा पाहिल्या. त्या मध्येच संपल्या होत्या. म्हणजे उडलं होतं! स्वतः आखून, बांधून विमान उडवणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

विमान स्वतः बांधण्याचं हे वेड आपल्या लोकांतही आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मांडलं आणि २०१७मध्ये त्याची नोंदणी मिळवली.

आता उरलेली गोष्ट. लिलियनच्या वडिलांचा जीव खालीवर होत होता. ते म्हणाले, विमानाचा नाद सोड, तुला मोटारगाडी घेऊन देतो. तिने गाडी घेतली. विमान थांबलं. पुढे बेलफास्टमध्ये तिने फोर्डची एजन्सी चालवली, लग्न करून कॅनडाला गेली, १९७१मध्ये कॉर्नवॉलला वारली. ग्लेनगॉर्मलीच्या तिच्या नावाच्या बागेत आज पोलादी मेफ्लाय उभं आहे.

हे वाचलं आणि मी गप्प झालो. कारण मागच्याच महिन्यात मी लेकीला म्हणालो होतो, "ड्रोनचं खूळ सोड, ड्रायव्हिंग लेसन्सचे पैसे मी देतो." तिने काही उत्तर दिलं नव्हतं.

काल मी तिला विचारलं, फ्रेम कोणती घ्यायची ठरलं का? तिने वही पुढे केली. आकाशाकडे बघणाऱ्या माणसाच्या जागी माझं नाव आधीच लिहिलेलं होतं.