गुडघ्याच्या संधिवाताच्या वाढीची सांख्यिकीय प्रतिमाने

गुडघ्यातील कूर्चा झिजून होणारा संधिवात किती वेगाने वाढतो आणि वय, वजन, जुनी दुखापत यांचा त्यावर किती परिणाम होतो, याचा अंदाज ठरावीक काळाने केलेल्या तपासण्यांवरून बांधणाऱ्या गणिती पद्धती. रोग अखंड चालू असतो, नोंदी मात्र अधूनमधून होतात; मधला काळ भरून काढणे हे या प्रतिमानांचे मुख्य काम.

मोजमाप : केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये एक्स-रेवरून ० ते ४ अशी श्रेणी मांडली. हाडाला निश्चित काटे फुटलेले दिसले की श्रेणी २. सांध्यातील फट अगदी अरुंद झाली की श्रेणी ४. फटीची रुंदी मिलिमीटरमध्येही मोजतात. अमेरिकेतील ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह’ या पाहणीत ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ जणांची नोंद झाली. अशा दीर्घकालीन नोंदींवर ही प्रतिमाने उभी राहतात.

प्रमुख प्रकार : (१) बहुअवस्था मार्कोव्ह प्रतिमान. यात एका श्रेणीतून पुढच्या श्रेणीत जाण्याचा दर काढतात. एखादा गुडघा २००६ च्या एक्स-रेत श्रेणी २ व २००८ मध्ये श्रेणी ४ दिसला, तर तो मध्ये केव्हातरी श्रेणी ३ मधून गेला असे धरून शक्य त्या सर्व वेळांचा हिशेब करतात. पुढची वाटचाल केवळ सध्याच्या अवस्थेवर ठरते, हे यातील गृहीतक. (२) मिश्र-परिणाम प्रतिमान. फटीच्या रुंदीसारख्या सलग मापांसाठी लेअर्ड व वेअर यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही रीत वापरतात. प्रत्येक रुग्णाची झिजेची रेषा वेगळी काढली जाते. एकाच व्यक्तीच्या दोन गुडघ्यांतील साम्यही लक्षात घेता येते.

मर्यादा : फट वर्षाला सरासरी ०.१ ते ०.२ मिमी एवढीच कमी होते. एक्स-रे काढताना गुडघा थोडा अधिक वाकला तरी मापात तेवढा फरक पडू शकतो. कृत्रिम सांधा बसवलेले गुडघे हिशेबातून नुसते वगळले, तर रोग प्रत्यक्षाहून सौम्य भासतो. लठ्ठपणाने रोग जडण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. आधीच रोग असलेल्यांत मात्र लठ्ठपणाचा वाढीशी संबंध अनेकदा क्षीण दिसतो. सडपातळ असूनही ज्यांना रोग झाला, त्यांच्यात बहुधा दुसरे एखादे प्रबळ कारण असते. त्यामुळे फक्त रुग्णांचीच तुलना केल्यास वजनाचा परिणाम झाकला जाऊ शकतो. म्हणून रोग सुरू होणे आणि तो वाढणे यांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडतात.