फलटणचे निंबकर आणि आमची कुसुबी

मंडळाच्या बैठकीत हा विषय सुचवला तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा, की फलटणच्या माणसाचं आपल्या हुबळी-धारवाडात काय काम? प्रश्न रास्त आहे. बनबिहारी विष्णू निंबकर (१९३१-२०२१) इकडचे नव्हेत. पण अण्णिगेरी-नवलगुंदच्या काळ्या रानात ज्याचं बालपण गेलं, त्याला करडई आणि मेंढरं या दोन गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नाहीत. निंबकरांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं याच दोन गोष्टींत गेली. तालुक्याची हद्द माणसाला असते, पिकाला नसते.

आधी घराविषयी, कारण घर बाजूला ठेवून हा माणूस समजत नाही. वडील विष्णू निंबकर. आई अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्नानंतर त्या कमला निंबकर झाल्या आणि १९५० साली मुंबईत त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा काढली. पत्नी जाई, म्हणजे इरावती कर्वे यांची मुलगी आणि महर्षी कर्व्यांची नात. स्वतः इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणाऱ्या. अशा घरातल्या, अमेरिकेत शेती शिकून आलेल्या तरुणाला मुंबई-पुण्यात खुर्ची मिळायला काय अडचण होती? पण १९५०च्या दशकात हे जोडपं गेलं फलटणला. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग, घाटाच्या पावसाला पाठमोरा. तिथे त्यांनी शेती केली, बियाण्यांचा धंदा उभा केला आणि १९६८ साली निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, स्थापन केली. शेतकऱ्याने आपल्याच गावात संशोधन संस्था काढावी हे आजही नवलाचं वाटतं, तेव्हा तर लोकांनी कपाळाला हातच लावला असेल.

आता करडई. आमच्याकडे तिला कुसुबी म्हणतात. मामांच्या शेतात जोंधळ्याच्या कडेने तिचे पट्टे असायचे. तेल मिळायचं हे खरं, पण मोठा उपयोग कुंपणाचा. काट्यांमुळे गुरं आत तोंड घालत नसत. काढणी मात्र नको नको व्हायची. बायका पहाटे दंव असतानाच रानात जायच्या, कारण दंवाने काटा जरा नरम पडतो. हातापायांना फडकी गुंडाळलेली, तरी संध्याकाळी चिमणीच्या उजेडात सुईने काटे काढत बसलेल्या. पुढे मजूर मिळेना झाले तसा शेतकऱ्यांनी या पिकाचा नादच सोडायला सुरुवात केली. अण्णिगेरीच्या केंद्राची ‘ए-१’ ही जात नावाजलेली, पण काटेरीच.

नारीने नेमकं इथेच हात घातला. बिनकाटेरी करडई, आणि तीही संकरित. ऐकायला सोपं वाटतं. पण करडईच्या बोंडात बारीक बारीक फुलं असतात आणि ती बहुतांशी आपलं आपणच फळतात. हाताने परागीकरण करून एकराएकराचं बियाणं तयार करणं परवडणारंच नाही. म्हणून ज्या झाडांत पराग तयारच होत नाही, अशा नर-वंध्य ओळी शोधून, वाढवून त्यांच्यावर संकर घ्यावा लागला. त्यातून ‘नारी-एनएच-१’ हा वाण आला. हे काम पुढे चालवलं त्यांच्या थोरल्या मुलीने, नंदिनी निंबकर यांनी. आता पाकळ्या खुडायला कुणी कचरत नाही. माझी एक कुरकुर मात्र आहेच: काटा गेला तसं कुंपणही गेलं. मामा असते तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

मेंढ्यांची गोष्ट याहून रंगतदार आहे. आपली दख्खनी मेंढी, जिच्या लोकरीची कांबळी कुरुब आणि धनगर पिढ्यान्‌पिढ्या पांघरतात, ती एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची लहानखुरी मेंढी आहे, ती मात्र जुळी-तिळी सहज देते. १७९२-९३ मध्ये बंगालच्या मेंढ्या कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. दीडशेहून अधिक वर्षांनी तिकडच्या बुरूला नावाच्या मेरिनो कळपात जुळ्या-तिळ्यांचा असाच गुण आढळला आणि शास्त्रज्ञ चक्रावले. २००१ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं, आणि पुढच्याच वर्षी कळलं की गरोळमध्येही तेच आहे. म्हणजे ज्या गुणाचं ऑस्ट्रेलियात एवढं कौतुक झालं, तो बहुधा आपल्याकडूनच गेलेला!

निंबकरांनी आणि धाकटी मुलगी चंदा हिने त्याआधीच, १९९०च्या दशकात, गरोळ फलटणला आणून दख्खनीशी संकर सुरू केला होता. चंदा निंबकर पशुपैदाशीचं शास्त्र ऑस्ट्रेलियात शिकलेल्या. पैदाशीत आपल्या कर्नाटकातली बन्नूर मेंढीही वापरली गेली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ सोबतीला आले. कोकराच्या रक्तावरून जनुक आहे की नाही हे कळू लागलं. ‘नारी सुवर्णा’ ती हीच. मी इंजिनिअर, त्यामुळे आकड्यांकडे आधी बघतो: तितक्याच चराईवर कोकरं जास्त. पण मेंढपाळाचा हिशोब वेगळा असतो. कळप रोज चालतो, आणि तीन कोकरं झाली तर आईचं दूध पुरत नाही. म्हणून नुसतं जनुक देऊन भागत नाही. मेंढी अंगाने धड हवी, दुधाला बरी हवी, आणि जुळ्यांची उस्तवार करणारं माणूस घरात हवं. हे माणूस बहुतेक वेळा बाईच असते.

मधली मुलगी मंजिरी फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेत रमली. आजीच्या नावाची शाळा. नंदिनीचे यजमान अनिल राजवंशी आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, १९८१ मध्ये अमेरिका सोडून फलटणला आले आणि गोड ज्वारीपासून अल्कोहोल, त्यावर चालणारे कंदील-चुली असल्या उद्योगांत रमले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती बघायला सासरे नव्हते. आदल्याच वर्षी, नव्वदीत, ते गेले.

निंबकरांना ‘स्वयंपूर्ण’ म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द थोडा खटकतो. मेंढी सुंदरबनची, चाचणी पुण्याची, मदत ऑस्ट्रेलियाची, हात मुलींचे. त्यांचं स्वतःचं काय होतं, तर प्रश्न. तो मात्र त्यांनी कुणाकडून उसना घेतला नाही. तो बांधावर उभं राहून सुचलेला होता.

गेल्या माघात अण्णिगेरीच्या रस्त्याला थांबलो होतो. मामांचं रान आता दुसरे कुणी करतात. कडेला कुसुबीचा एकच पट्टा होता, काटेरी, आणि पलीकडे कुरुबांचा कळप बसला होता. म्हाताऱ्याला कन्नडात विचारलं, जुळी होतात का? म्हणाला, होतात कधीमधी, पण त्या साली एक पिल्लू काखेत घेऊनच चालावं लागतं.