पलटणीची शाळा आणि कुवेतची वही



नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन आम्ही कुवेतला नोकरीला गेलो, तेव्हा शिक्षण संपलं असंच मनात होतं. पहिल्याच रात्रपाळीत तो समज गेला. म्हातारी रुग्णबाई अरबीत काय सांगते ते कळेना. मग आम्ही एक वही केली आणि रोज लागणारे शब्द देवनागरीत लिहून पाठ करू लागलो. पाण्याला तिथे ‘माय’ म्हणतात. सिद्दूरमधला ‘मायिम’ तो हाच! दिवसाला ‘योम’, तोही घरचाच. डोक्याला ‘रास’, म्हणजे रोश हाशानातला ‘रोश’. कोणाला काही बोललो नाही, पण परक्या वॉर्डात नात्यातलं माणूस भेटावं तसं वाटलं.

वॉर्डात सगळ्याच शिकत होत्या, कारणं मात्र वयाप्रमाणे वेगळी. पंचविशीतल्या मुलींना पुढे इंग्लंड-अमेरिकेला जायचं असे, म्हणून त्या तिकडच्या परीक्षांची पुस्तकं घेऊन बसत. चाळिशीच्या बायकांना काळजी असे, की पदवीवाल्या नव्या मुली बढतीत पुढे जातील आणि इकडे मुलांच्या फिया वाढतच आहेत. पन्नाशीच्या सिस्टर कॉम्प्युटर शिकल्या, कारण केसपेपर त्यात जाऊ लागले. आणि काही जणी नुसत्या आवडीने शिकत, त्यांचं वय विचारूच नये.

रुग्णालयं मदत करत, पण आपल्या गरजेपुरती. हृदय बंद पडलं तर काय करायचं, त्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. त्याचा वर्ग ड्यूटीच्या वेळेत होई. पण एका सिस्टरने स्वतःच्या पदवीच्या परीक्षेसाठी चार रात्रपाळ्या बदलून मागितल्या, तर मिळाल्या नाहीत. ती सकाळी ड्यूटी संपवून थेट पेपरला बसली.

कुवेतने 1981 मध्ये प्रौढ साक्षरता कायद्याने सक्तीची केली. खासगी नोकरांसाठी 2010 चा सहाव्या क्रमांकाचा कामगार कायदा आहे. त्याच्या 79 व्या कलमानुसार, कामाशी संबंधित वरची पदवी घ्यायला मालक पगारी रजा देऊ शकतो. ‘देऊ शकतो’ हे शब्द नीट वाचावेत, कारण ‘दिलीच पाहिजे’ असं तिथे नाही. शिवाय जितकी रजा तितकीच वर्षं त्याच मालकाकडे काम करायचं, जास्तीत जास्त पाच वर्षं. मधेच सोडलं तर उरलेल्या मुदतीच्या हिशेबाने पैसे परत.

ही अट वाचताना आम्हाला आपल्या पूर्वजांच्या पलटणी आठवल्या. कोकणात घाणा चालवणारे आपले शनवार तेली कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत भरती झाले. पलटणींत शाळा असत. शिपायाला अक्षरओळख व्हावी, हवालदाराला हजेरी आणि हिशेब ठेवता यावा, एवढी फौजेची गरज. सरकारला आपल्या धर्माशी काय देणंघेणं? पण एकदा वाचता आलेलं माणूस फक्त हजेरीपट वाचून थांबत नाही.

पलटणीची शाळा होती तशा मिशनच्याही शाळा होत्या, आणि त्यांचाही हेतू वेगळाच होता. तिथेही आपले लोक शिकले आणि यहुदीच राहिले. कोचीनहून शेलोमो सालेम शुर्राबी आले. त्यांनी मुंबईत आपल्या लोकांना हिब्रू प्रार्थना शिकवल्या. 1846 मध्ये मुंबईत हिब्रूबरोबर मराठी भाषांतर असलेली हगादा छापली गेली. तेव्हा पेसाहच्या रात्री ती मराठी वाचायला घराघरांत कोणीतरी अक्षर शिकलेलं हवं होतं, आणि ते होतं. पुढे 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली. आज आपण तिला सर एली कदुरी शाळा म्हणून ओळखतो. म्हणजे दुसऱ्याच्या शाळांत शिकत शिकत समाजाने स्वतःची शाळा उभी केली.

मालक शिकवतो तो त्याच्या कामासाठी. त्यात वाईट काही नाही, फक्त ते आपण ओळखून असावं. तुमच्या मुला-नातवंडांना कंपनी शिक्षणाचे पैसे देत असेल तर जरूर घ्यावेत, पण किती वर्षं बांधले जाणार ते सही करण्याआधी वाचावं. आणि शिक्षण मात्र मालकाच्या गरजेशी थांबवू नये.

आम्ही आता निवृत्त आहोत. बढती नाही, ग्रेड नाही, रजेचा अर्जही नाही. कुवेतची ती वही मात्र अजून जवळ आहे. डावीकडे अरबी शब्द आहेत, उजवीकडे आता हिब्रू लिहितो. मधे अर्थ मराठीत.