सँडाऊनचा किल्ला : तोफांसाठी निवडलेली जागा, लाटांनी घेतलेली

आठव्या हेन्री राजाने १५३९ आणि १५४० या दोन वर्षांत इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, केंट परगण्यातील डील या गावाजवळ, एका ओळीत तीन किल्ले बांधविले. उत्तरेस सँडाऊन, मध्ये डील आणि दक्षिणेस वॉल्मर असा त्यांचा क्रम होता. यांपैकी डील आणि वॉल्मर आजही उभे आहेत. सँडाऊन मात्र समुद्राने खाल्ला. तिन्ही किल्ले एकाच हुकमाने आणि एकाच आराखड्याच्या कल्पनेतून उभे राहिले असल्यामुळे, त्यांतला एकच का गेला याचे उत्तर बांधकामाच्या दर्जापेक्षा त्याच्या जागेत शोधावे लागते.

हे किल्ले भीतीतून जन्मले. पहिली पत्नी कॅथरिन हिच्याशी झालेला विवाह रद्द करून घेण्यासाठी हेन्रीने रोमच्या पोपची सत्ता झुगारली आणि १५३४ मध्ये तो स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. एरवी एकमेकांचे हाडवैरी असलेले फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि सम्राट पाचवा चार्ल्स यांनी १५३८ मध्ये नीस येथे तह केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोप तिसरा पॉल याने हेन्रीला धर्मबहिष्कृत केल्याचे जाहीर केले, तेव्हा कॅथलिक युरोप एकजुटीने चालून येणार अशी धास्ती लंडनच्या दरबारात पसरली. त्यातून संपूर्ण किनारा तटबंद करण्याची योजना निघाली. तिच्यासाठी लागणारा पैसा बव्हंशी त्याच काळात बरखास्त होत असलेल्या मठांच्या जप्त मालमत्तेतून आला, आणि पाडलेल्या मठांचे घडीव दगडही अनेक ठिकाणी या नव्या तटांत बसविण्यात आले. डीलजवळच्या तीन किल्ल्यांवर मिळून २७,०९२ पौंड खर्च झाले, ही त्या काळी फार मोठी रक्कम होती.

एवढा खर्च याच किनाऱ्यावर करण्याचे कारण समोरच्या पाण्यात होते. किनाऱ्यापासून काही मैलांवर गुडविन सँड्स नावाचे वाळूचे लांबलचक दांडे पाण्याखाली पसरलेले आहेत. त्यांच्यावर चढलेले जहाज सहसा सुटत नाही. पण तेच दांडे बाहेरच्या लाटा अडवीत असल्याने, ते आणि किनारा यांच्यामधल्या ‘डाऊन्स’ नावाच्या पाण्यात शेकडो जहाजांना नांगर टाकून निर्धास्त राहता येते. पुढे ईस्ट इंडिया कंपनीची सुरतेकडे आणि मुंबईकडे निघालेली जहाजेही इथेच अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबत. अशी जागा शत्रूच्या आरमाराच्या हाती पडू देणे परवडणारे नव्हते, आणि तत्कालीन तोफांचा पल्ला तोकडा असल्याने त्यांना पाण्याच्या अगदी कडेला आणून बसविण्यावाचून गत्यंतर नव्हते. सँडाऊनचे पुढचे सारे नशीब या एका निर्णयात सामावलेले आहे.

किल्ल्याची रचना उंच मनोऱ्यांच्या मध्ययुगीन गढ्यांहून अगदी वेगळी होती. मध्यभागी बसका, गोल बालेकिल्ला, त्याला चहूबाजूंनी चिकटलेले चार अर्धगोल बुरूज आणि भोवती खंदक अशी ती आखणी वरून पाहिल्यास चार पाकळ्यांच्या फुलासारखी दिसे. जाड भिंतींची गोलाई शत्रूचा गोळा घसरवून लावी; बुरुजांवर तोफांची ठाणी होती, तर खंदकात उतरणाऱ्यांना टिपण्यासाठी खालच्या अंगाला जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी भिंतीत ठेवलेली छिद्रे, होत्या. तथापि गोल बुरुजाच्या पायथ्याशी, शेजारच्या बुरुजावरूनही मारा पोहोचत नाही असा एक कोपरा नेहमीच उरतो. इटलीतील स्थपतींनी हा दोष कोनाकृती बुरुजांनी दूर केला होता आणि हेन्रीच्या अखेरच्या वर्षांत इंग्लंडमध्येही तसे बुरूज बांधले जाऊ लागले, त्यामुळे सँडाऊनची घडण काही वर्षांतच जुनी ठरली.

ज्या स्वारीसाठी हा खटाटोप झाला ती या किनाऱ्यावर आलीच नाही. किल्ल्याने खरा वेढा पाहिला तो १६४८ मध्ये, तोही इंग्रजांनीच घातलेला. राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवीत त्या वर्षी डाऊन्समधील आरमाराचा एक भाग पार्लमेंटविरुद्ध उठला आणि तिन्ही किल्ले राजपक्षाकडे गेले. मग पार्लमेंटच्या फौजेने जमिनीकडून वेढा घालून आधी वॉल्मर, नंतर डील आणि सप्टेंबरच्या सुरुवातीस सँडाऊन परत घेतला.

सँडाऊनच्या आतल्या दिवसांचे सर्वांत जिवंत चित्र मात्र एका कैद्याच्या पत्नीने रेखाटले आहे. पहिल्या चार्ल्स राजाच्या मृत्युदंडाच्या फर्मानावर सही करणाऱ्यांपैकी एक असलेल्या कर्नल जॉन हचिन्सन यांना राजेशाही परतल्यानंतर कटाच्या संशयावरून पकडण्यात आले आणि १६६४ च्या उन्हाळ्यात इथे आणून ठेवण्यात आले. त्यांची पत्नी ल्युसी हिला किल्ल्यात राहू दिले गेले नाही. ती डील गावात बिऱ्हाड करून रोज पायी किनाऱ्याने येई. मोडकळीस आलेली खोली, भर उन्हाळ्यातही वस्तूंवर चढणारी बुरशी आणि समुद्राची दमट हवा यांचे वर्णन तिने पतीच्या चरित्रात केले आहे. तिने आणि मुलीने वेचून आणलेले शिंपले हचिन्सन निवडत, रंगछटांप्रमाणे लावत बसत, ही तिने टिपलेली गोष्ट मोठमोठ्या लढायांच्या हकिकतींपेक्षा त्या भिंती अधिक जवळ आणते. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला त्यांचा तिथेच मृत्यू झाला. हे चरित्र छापून प्रसिद्ध व्हायला १८०६ साल उजाडले.

तिने लिहिलेली ओल हे पुढच्या दोन शतकांचे पूर्वचिन्ह होते. या किनाऱ्यावर वाळूपेक्षा गोटेच अधिक. लाटा त्यांना दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकवीत नेतात आणि कुठे साचवतात, तर कुठला किनारा उघडा पाडतात. वॉल्मरसमोर गोट्यांचा रुंद पट्टा साचून समुद्र दूर हटला. सँडाऊनसमोर मात्र किनारा मागे सरकत गेला आणि भरतीचे पाणी तटाला भिडू लागले. दुरुस्त्या होत राहिल्या, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत किल्ला वापरण्याजोगा उरला नाही, आणि १८६३ पासून युद्धखात्याने तो टप्प्याटप्प्याने पाडावयास घेतला. उरलेल्या पायाला विसाव्या शतकात काँक्रीटचे कवच चढवून तो किनाऱ्याच्या संरक्षक भिंतीत सामावून घेण्यात आला, आणि आज तो बसका उंचवटा डीलच्या उत्तर टोकाला भरतीच्या लाटा अडवीत आहे.