विषय कोणते घ्यायचे?

मे महिना आला की मंडळातल्या चार-सहा घरांतून एकच चर्चा ऐकू येते. हायस्कूलचे पदवीदान, त्याची पार्टी, भारतातून आलेल्या आजी-आजोबांचे कौतुक, आणि मग कॉलेजचे ओरिएंटेशन. त्या ओरिएंटेशनमध्ये मुलाने ॲडव्हायजरपुढे बसून पहिल्या सेमिस्टरचे कोर्सेस ठरवायचे असतात. "ॲडमिशन तर मिळाली, मग आता पुन्हा काय ठरवायचे राहिले?" असे पाडव्याच्या जेवणाच्या रांगेत एका सभासद भगिनींनी आम्हाला विचारले. हातात श्रीखंडाची वाटी होती, त्यामुळे उत्तर अर्धवटच दिले गेले. ते इथे पुरे करतो. उत्तर थोडे लांबचे आहे, कारण त्यात दोन देशांच्या शिक्षणाचा इतिहास येतो आणि आपली काही फार मोठी माणसेही येतात.

आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एकदाच विषय निवडले, तेही दहावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात. सायन्स की कॉमर्स, मॅथ्स की बायॉलॉजी. "लाईन" ठरली की काम संपले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, ते मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी. अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरवायचा, कॉलेजने शिकवायचा, विद्यार्थ्याने वर्षाअखेरीस पेपर लिहायचे. या व्यवस्थेत सल्लागाराला जागाच नव्हती, कारण सल्ला द्यावा असे काही शिल्लकच नव्हते. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर भारतातही मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द आले आहेत. पण आपण त्या आधीचे.

अमेरिकेतही एके काळी असेच होते. लॅटिन, ग्रीक आणि गणित सर्वांना सारखेच. हे मोडले ते एका केमिस्टने, हे सांगताना आमची कॉलर किंचित ताठ होते. चार्ल्स एलियट हे एमआयटीत ॲनॅलिटिकल केमिस्ट्रीचे प्राध्यापक होते. १८६९ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी, ते हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढे ४० वर्षे त्या खुर्चीवर राहिले. एकेक सक्तीचा विषय काढत काढत त्यांनी अशी वेळ आणली की १८९० च्या दशकाच्या अखेरीस पहिल्या वर्षाचे इंग्रजी लेखन सोडले तर हार्वर्डमध्ये जवळजवळ काहीच सक्तीचे उरले नाही. अठरा वर्षांच्या मुलाला आपल्याला काय शिकायचे ते कळते, अशी त्यांची श्रद्धा होती. (एलियट यांना दोन मुलगे होते. घरी काय अनुभव होता कोण जाणे.)

मुलांनी काय केले असेल याचा अंदाज आपण करू शकतो. काहींनी आवडीचा विषय मुळापर्यंत खणला. पुष्कळांनी सकाळी उठावे लागणार नाही असे, पहिल्याच पायरीचे कोर्सेस गोळा केले. म्हणून १८८९ साली नव्या मुलांसाठी सल्लागारांचे मंडळ नेमावे लागले. एलियटनंतर १९०९ साली आलेले अध्यक्ष लॉवेल यांनी लगाम ओढला. सोळा कोर्सेसपैकी निदान सहा एका विषयातले आणि बाकीच्यांतले काही निरनिराळ्या शाखांत विखुरलेले, असा नियम त्यांनी केला. आज आपल्या मुलांच्या हातात जे मेजर आणि जनरल रिक्वायरमेंट्सचे कागद पडतात ते या तडजोडीतून आलेले आहेत. थोडी मोकळीक, थोडी सक्ती, आणि मधला घोळ निस्तरायला ॲडव्हायजर.

राहिले क्रेडिट. त्याची कथा गमतीची आहे. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पण कॉलेज म्हणायचे कशाला? तेव्हा हायस्कूल आणि कॉलेज यांची सीमाच धूसर होती. मग कार्नेगी फाउंडेशनने मोजमाप ठरवले: हायस्कूलमध्ये एका विषयाचे वर्षभरात १२० तास म्हणजे एक युनिट, आणि प्रवेशासाठी अशी चौदा युनिट्स मागेल ते कॉलेज. पेन्शन हवी म्हणून साऱ्यांनी ते मुकाट्याने मान्य केले. कॉलेजमधली तासांवर बेतलेली क्रेडिटची पद्धतही त्याच काळात देशभर रुजली. आठवड्याला तीन तास वर्गात म्हणजे साधारण तीन क्रेडिट्स, आणि पदवीसाठी बहुतेक ठिकाणी सुमारे १२०. मुलाची हुशारी मोजण्यासाठी हे माप निघालेले नाही, एवढे ध्यानात असू द्यावे. "शेजारचा अठरा क्रेडिट्स घेतो, तू पंधराच का?" हा प्रश्न मग आपण जरा कमी वेळा विचारू.

आता आपल्या माणसांकडे वळतो. जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते, ते अस्पृश्य म्हणून शिकू दिले नाही. फारसी घ्यावी लागली. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी जो करार करावा लागला त्यातही नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करण्याची आणि नंतर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याची अट होती. म्हणजे तोपर्यंत विषय निवडण्याचा हक्क असा त्यांना कधी मिळालाच नव्हता. कोलंबिया विद्यापीठात तो मिळाला. तिथल्या दफ्तरातल्या नोंदींप्रमाणे त्यांनी तीन वर्षांत घेतलेले कोर्सेस असे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. एकूण ६०.

ही यादी आम्ही दोन-तीनदा वाचली. वरवर पाहता अधाशीपणा वाटतो, पण निम्मे कोर्सेस एकाच विषयाचे आहेत. त्या विषयाचे त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक सेलिग्मन यांनी पुढे १९२५ साली त्यांच्या प्रांतिक अर्थव्यवहारावरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. आणि बाकीचे निम्मे? मानववंशशास्त्राचे जे चार कोर्सेस अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला "कशाला हवेत" असे कोणीही म्हटले असते, त्याच विषयातल्या गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तत्त्वज्ञानातले त्यांचे प्राध्यापक जॉन ड्यूई यांचे ऋण त्यांनी वीस वर्षांनंतर जातिनिर्मूलनावरच्या आपल्या पुस्तकात नाव घेऊन मान्य केले. नेमून दिलेले विषय तेवढे केले असते तर आपल्याला एक उत्तम अर्थतज्ज्ञ मिळाला असता, तेवढेच.

दुसरे उदाहरण याच्या थोडे उलट आहे. बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी हार्वर्डला पाली ग्रंथाच्या कामासाठी येत असत. १९१८ साली त्यांनी मुलगा दामोदर आणि थोरली मुलगी माणिक यांना बरोबर आणले. मुलगा केंब्रिजच्या शाळेत शिकला. आपल्या मुलांसारखाच, घरी मराठी, बाहेर इंग्रजी. मध्ये थोडा काळ भारतात राहून १९२६ साली तो हार्वर्डला परतला. तेव्हा लॉवेल यांचे नियम लागू होते आणि गणितात जॉर्ज बर्कहॉफ यांच्यासारखा जगन्मान्य माणूस शिकवत होता. बर्कहॉफ यांचे म्हणणे, गणितावरच लक्ष दे. दामोदरने ते ऐकले नाही. भाषा आणि इतर नाना विषय घेतले, सगळ्यांत चमकला आणि १९२९ साली सर्वोच्च सन्मानासह पदवी घेऊन भारतात परतला. डॉक्टरेट त्यांनी कधीच केली नाही.

सल्ला मोडला हे बरे झाले की वाईट? मंडळातल्या एका गणिताच्या प्राध्यापकांचे मत, वाईट. एक मोठा गणिती अर्धा वाया गेला. आमचे मत वेगळे आहे. दा. ध. कोसंबींनी १९४४ साली दिलेले सूत्र जनुकशास्त्रज्ञ आजही वापरतात. त्यांनीच प्राचीन नाणी तराजूत तोलून, संख्याशास्त्र लावून इतिहास वाचला, भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली, आणि १९५६ च्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाला वळण दिले. एका मेजरमध्ये हे मावले नसते. मात्र बर्कहॉफ यांचा सल्ला त्यांनी समजून मोडला होता. आपल्याला काय हवे हे त्यांना ठाऊक होते.

आमची गोष्ट याहून फार साधी. एम.एस्सी. करून आम्ही इथे केमिस्ट्रीच्या पीएच.डी.ला आलो. पहिल्याच आठवड्यात चार शाखांच्या प्लेसमेंट परीक्षा झाल्या आणि एकीत आम्ही नापास झालो. ॲडव्हायजरनी विचारले, "तुम्हाला काय घ्यावेसे वाटते?" आम्हाला असे कोणी आधी कधी विचारलेच नव्हते. "आपण म्हणाल ते," असे म्हणून गप्प बसलो. ते म्हणाले, कच्च्या विषयाचा खालच्या पातळीचा कोर्स करा. तो आम्हाला अपमान वाटला. पण समोर बोललो नाही आणि परत येऊन तीन वरच्या पातळीचे कोर्सेस नोंदवले. एकात सी आला. असिस्टंटशिप टिकवायला बी सरासरी लागत होती. तो हिवाळा कसा गेला ते आम्हीच जाणतो. सल्ला मानलाही नाही आणि मोडतो असे सांगितलेही नाही, दोन्हीकडून नुकसान.

हे आठवण्याचे कारण असे की गेली काही वर्षे आम्ही स्वयंसेवक कॉलेजला जाणाऱ्या मुलांशी बोलायला बसतो तेव्हा बहुधा वडीलच उत्तरे देतात. "याला मेडिकलला जायचे आहे." १८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात थेट दाखल झाल्या, ठरलेला अभ्यासक्रम पुरा करून १८८६ साली एम.डी. झाल्या. (त्यांच्या डीन रेचेल बॉडली याही केमिस्ट! आमचा अभिमान पुरे.) आज इथे तसे नाही. मेडिकलच्या आधी बहुधा चार वर्षांची पदवी लागते. केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स झाले की मेजर संगीताचे असले तरी चालते. तेव्हा "डॉक्टर व्हायचे आहे" हे ॲडव्हायजरच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. एपी केमिस्ट्रीचे क्रेडिट घेऊन पहिला कोर्स गाळावा का, हेही विचारून घ्यावे. काही मेडिकल स्कूल्स ते क्रेडिट धरत नाहीत, आणि पहिल्या कोर्सचा पाया कच्चा राहिला तर ऑरगॅनिकमध्ये तो उघडा पडतो. हे आम्ही शिकवणाऱ्याच्या बाजूनेही पाहिले आहे.

आणखी एक. १९७४ च्या कायद्याने कॉलेजातल्या मुलाचे मार्क त्याच्या मालकीचे झाले. फी आपण भरत असलो तरी त्याच्या संमतीवाचून कॉलेज ते आपल्याला सहसा दाखवणार नाही. मागच्या वर्षी एका घरात ही गोष्ट ख्रिसमसच्या सुट्टीत कळली, तोवर मुलाने दोन कोर्सेस सोडले होते. मुलगा हुशार होता. विषय त्याचे नव्हते, जेवणाच्या टेबलावर ठरलेले होते, आणि ते झेपत नाहीत हे घरी सांगायची त्याची छाती झाली नाही.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी दोन वाजता, नेहमीच्या हॉलमध्ये, आम्ही पुन्हा बसत आहोत. मुलामुलींनी आपापल्या कॉलेजच्या कॅटलॉगमधून घ्यावेसे वाटणारे सहा-सात कोर्सेस स्वतःच्या हाताने लिहून आणावेत. त्यांतला निदान एक असा असावा की जो का घेतला ते सांगता येणार नाही. आई-वडिलांसाठी चहा आणि बटाटेवडे शेजारच्या खोलीत आहेत. मधले दार बंद राहील.